जीपच्या पोटातलं चाक

१० नोव्हेंबर, सोमवार

आज देवळात कौल झाला. रवळनाथाने उजवी पाकळी सोडली, म्हणजे होकार दिला. गावपळण ५ डिसेंबरला, शुक्रवारी.

ही डायरी बागायतदारांच्या मेळाव्यात खतवाल्यांनी वाटली होती. आजवर तिच्यात पाऊस, खत आणि काजूच्या बियांपलीकडे मी काही लिहिलं नाही. आज लिहायला बसलो, कारण काळजी लागली आहे आणि बायकोला, म्हणजे तुळसाला, सांगितली की ती हसते.

आमची मुलगी अपेक्षा पुण्याला शिकते. तिच्या मैत्रिणीने मला फोनवर विचारलं, "काका, गावपळण म्हणजे नक्की काय?" मी सांगितलं, काही वर्षांनी एकदा देव म्हणतो, तीन दिवस, तीन रात्री माझा गाव मला मोकळा द्या. मग माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळे वेशीबाहेर जाऊन झोपड्यांत राहतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल होतो आणि उजवा झाला की परत यायचं. एक माणूस जरी आत राहिला तरी पळण झाली नाही. ती म्हणाली, "म्हणजे पिकनिकच." मी म्हटलं, तसंच समज.

काळजी सत्यवतीकाकीची. तिने नव्वदी ओलांडली आहे. वर सड्यावर, कातळाच्या माळावर, एकटी राहते, चालता येत नाही, आणि तिच्या घरापर्यंतच्या कातळावरून आमच्या जीपशिवाय कुठलीच गाडी चढत नाही. प्रत्येक पळणीला माझे वडील तिला जीपमधून न्यायचे, गेल्या खेपेला मी नेली. यंदा जीप अंगणात मेल्यासारखी उभी आहे. वर्षभर स्टार्टर नुसता किरकिरत होता, उतारावर ढकलून काम भागत होतं. गेल्या आठवड्यात तो असा अडकला की इंजिन जागचं हलेना.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे जीपला सोमवारचा नारळ केला. गियरच्या दांड्यापुढे पत्र्याला एक भोक आहे. तिथे पाणी ओतलं की ते इंजिनाच्या पाठीत उतरतं. वडील म्हणत, जीपचं काळीज तिथे आहे. ते फक्त दसऱ्याला घालायचे. ते गेल्यापासून मी दर सोमवारी घालतो. आज दोन नारळांचं घातलं.

१२ नोव्हेंबर

शेजारच्या डॉमिंगोला बोलावलं. त्याने म्हापशाला गॅरेजमध्ये आयुष्य काढलं, आता घरी असतो आणि बायकोच्या, मेल्विनाच्या, पायात पायात येतो, असं तीच सांगते. तो जीपखाली सरकला, बॅटरी मारली आणि आतून म्हणाला, "शिवा, हिच्या फ्लायव्हीलाचे दात गेले. तुझ्या आजयेसारखे."

"आजयेक जावन तीस वर्सां झाली."

"मगे बघ, किती जुने ते."

त्याने समजावलं ते असं. इंजिनाच्या मागे एक जाडजूड लोखंडी चाक असतं, त्याच्या कडेला दात. स्टार्टर त्या दातांना धरून इंजिन फिरवतो. दात झिजले की तो अडकतो. हे चाक काढायचं आणि दुसरं बसवायचं. त्यासाठी आधी गियरबॉक्स उतरवायचा, मग क्लच.

"कठीण आसा?"

"कठीण कसला? बोल्ट काढले की चाक हातात येता."

१५ नोव्हेंबर, शनिवार

चाक हातात आलं नाही.

गियरबॉक्स आम्ही दोघांनी वासा आणि दोरी लावून उतरवला. क्लच निघाला. चाकाचे बोल्टही निघाले, एक तेवढा छिन्नीने तोडावा लागला. पण बोल्ट गेले तरी चाक जसंच्या तसं इंजिनाला चिकटून. डॉमिंगोने मध्ये लाकडाचा ठोकळा धरून चारी बाजूंनी हातोडा मारला. तुळसाने पडवीतून विचारलं, "घंटा कित्याक वाजता, आरती झाली काय?"

डॉमिंगो बाहेर आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या मिशा काळ्या झाल्या होत्या. म्हणाला, "असा चिकटलेला मी समुद्रातल्या बोटीर बघलंय. जमिनीवरच्या गाडयेक कधी बघूक नाय. ही जीप काय दर्यात घातलंस रे?"

त्याने मधल्या भागात डिझेल सोडलं. ते दोन-तीन दिवस झिरपू द्यायचं. उद्या रविवार, तो चर्चला जाणार. सोमवारी त्याला मालवणात काम आहे. म्हणाला, "मंगळवारी येतंय. तोपर्यंत हात लावा नको."

खरं सांगायचं तर मला आज पहिल्यांदा शंका आली. डॉमिंगो मनाने चांगला, पण हात म्हातारा झाला असेल का? देवापुढे बसलो तेव्हाही चाकच दिसत होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डॉमिंगोने हात लावू नको म्हटलं होतं. हात लावला नाही. पण सोमवार चुकवणं बरं नाही आणि आज तर जीपचं काळीज उघडं आहे. इतकी वर्षं पत्र्यावरून अंदाजाने घालत होतो, आज प्रत्यक्ष समोर. रवळनाथाचं नाव घेऊन चाकाच्या मधोमध, जिथे ते चिकटलं आहे तिथेच, नारळाचं पाणी सावकाश सोडलं. मग देवळातून आणलेलं तीर्थही. डिझेलचा काळा ओघळ सगळा धुऊन निघाला आणि लोखंड स्वच्छ दिसू लागलं.

मनाला शांत वाटलं.

१८ नोव्हेंबर

डॉमिंगो सकाळी जीपखाली गेला आणि बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं झोप लागली. मग त्याने विचारलं, "ह्या कोणी धुलां?"

बाहेर येऊन त्याने बोट जिभेला लावलं. "ह्या नारळाचा पाणी."

"होय. काल सोमवार हुतो मां?"

"आणि दर सोमवारी तू ह्या हंयच घालतंस?"

"बाबा दसऱ्याक घालीत. मी दर सोमवारी घालतंय," मी म्हटलं. जरा अभिमानानेच म्हटलं असेन.

डॉमिंगो पायरीवर बसला. आधी आभाळाकडे बघितलं, मग जीपकडे. मग कपाळापासून छातीवर क्रूस काढला. त्यालाही भक्तिभाव दाटून आला असावा. दुसऱ्याच्या धर्माबद्दल असं वाटणं ही साधी गोष्ट नाही.

थोड्या वेळाने म्हणाला, "शिवा, तुझ्या देवाक एक निरोप दी. ह्या काम पुरा होयसर त्येना जरा बाजूक बसान बघीत ऱ्हवाचा. पाणी नको, तीर्थ नको, काय नको. चालात?"

मी म्हटलं देवाला विचारतो. तो म्हणाला, "विचार नको रे. सांग." आणि पुन्हा डिझेल सोडायला खाली सरकला.

१९ नोव्हेंबर

दुपारी शेतावरून आलो तर तुळसा आणि मेल्विना पडवीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. मी दिसताच गप्प झाल्या. विचारलं तर तुळसा म्हणाली, "काय नाय हो, कोंबडयेची गजाल." आमची कोंबडी इतकी विनोदी आहे हे मला माहीत नव्हतं.

२० नोव्हेंबर

गावकमिटीचा देवेश आला. वयाने लहान पण जबाबदारीने वागतो. त्याचं म्हणणं, जीप झाली नाही तर काकीला चार जण खुर्चीवर बसवून आणतील. मी म्हटलं, आधी तिला विचारू.

दोघे सड्यावर गेलो. काकी उन्हात बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिने देवेशचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या घोवाक असोच चौघांनी खालती व्हरलो. तो परत येवक नाय. माका माणसांच्या खांद्यार चडवचो दिवस येतलो तेवा चडवा, मी काय नाय म्हणूचंय नाय. पळणीक नको."

"मगे काकी, पळण मोडात," देवेश म्हणाला.

"मोडाची कशी? शिवा येतलो मां." आणि माझ्याकडे न बघताच शेंगा सोलत राहिली.

उतरताना देवेश म्हणाला, "शिवाकाका, आता सगळा तुमच्या चाकार." मी हसलो, पण घरी येऊन आधी जीपखाली वाकून बघितलं.

२१ नोव्हेंबर, देवदिवाळी

सुटलं. आधी ते लिहितो आणि मग बाकीचं.

डिझेलच्या जोडीला डॉमिंगोने काल मधला भाग ब्लो लॅम्पने गरम केला होता, पण चाक हललं नाही. आज चिंधीने पुसता पुसता त्याला चाकात गंज आणि मळाने बुजलेली दोन भोकं दिसली. ती टोकरल्यावर आत आटे निघाले. तो म्हणाला, "कारखान्यातल्या माणसान आमची अडचण आधीच वळखलली." त्या दोन भोकांत दोन लांब बोल्ट घालायचे. ते आत फिरवत नेले की त्यांची टोकं मागच्या लोखंडाला टेकतात आणि चाक बाहेर ढकललं जातं. मात्र दोन्ही सारखे फिरले पाहिजेत. एकाचा हात पुढे गेला तर चाक वाकडं होऊन आणखी घट्ट बसेल.

तो डावीकडे, मी उजवीकडे. चाकाखाली पेंढा पसरला होता. डॉमिंगो म्हणे, "तू," मी पाना जरासा ओढायचा. मग म्हणे, "मी." मग पुन्हा, "तू." जोर लावायचा मोह होत होता, पण तो प्रत्येक वेळी थांबवायचा. मला नामस्मरणाची आठवण झाली. तिथेही घाई करून काही मिळत नाही.

तुळसा पडवीच्या काठावर उभी राहून गाऱ्हाणं घालू लागली. "बा देवा म्हाराजा, ह्या जीपच्या पोटात जा चाक रुसान बसलां हा..."

"होय म्हाराजा," खालून डॉमिंगो.

"त्येका दोन म्हाताऱ्यांनी हात जोडल्यानी..."

"म्हातारो एकच, म्हाराजा. दुसरो पन्नाशीचो," मी म्हटलं.

तेवढ्यात भाजलेली काजूची बी फुटावी तसा आवाज झाला आणि चाक पेंढ्यात येऊन पडलं. आम्ही दोघे तसेच आडवे पडून हसत राहिलो. तुळसाचं गाऱ्हाणं अर्धंच राहिलं.

चाकाची आतली बाजू सड्यावरच्या कातळासारखी लाल होती. खरवडली की लाल भुकटी पडे. डॉमिंगोने तिची कागदात पुडी बांधली आणि मेल्विनाला दाखवायला घेऊन गेला. आपण अंगारा नेतो तशी जपून नेली.

मी सकाळी जीपजवळ देवदिवाळीची पणती लावली होती. ते तो विसरला असेल, मी विसरलो नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दारात सहा माड, आणि आज घरात सोललेला एकही नारळ नाही. तुळसा म्हणते, सोलायची पारय सापडत नाही. मी गोठ्यात, माळ्यावर, विहिरीपाशी शोधली. शेवटी नुसते हात जोडले. देवालाही निरोप दिलेला आहेच.

२५ नोव्हेंबर

डॉमिंगोबरोबर फोंडाघाटला गेलो. घाटाच्या पायथ्याशी त्याच्या ओळखीचा एक भंगारवाला आहे, त्याच्याकडे आमच्यासारखीच जीप मोडायला आली होती. दात चांगले, तडा नाही. डॉमिंगोने चाक दोरीला टांगून पान्याने वाजवलं आणि आवाज ऐकत राहिला. कलिंगड घेताना बायका करतात तसं. मग म्हणाला, "ह्या गाता. घेवया."

येताना एसटीत गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलं. पुढच्या सीटवरच्या आजीने वळून विचारलं, "जातां खंय मेळला रे, पुता?"

मी सांगणार होतो, पण डॉमिंगोने मध्येच उत्तर दिलं. "फोंड्याक. लेकीच्या लग्नाक देतलो."

"बरा केलंस. आताच्या पोरांका दळूक खंय येता?"

कंडक्टर म्हणाला, "लग्नाचा सामान असात तर मांडयेर बसवन व्हरा, तिकीट नको. पण वाटेत ठेवलास तर हाफ लागतला." कणकवलीपर्यंत माझे पाय बधिर झाले होते. तिथे डॉमिंगोने ते आपल्या मांडीवर घेतलं आणि गाव येईपर्यंत परत दिलं नाही. त्याच्या हाताबद्दल मी जी शंका घेतली होती तिची लाज वाटली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कालचा आणि आजचा दिवस बसवण्यात गेला. आधी डॉमिंगोने इंजिनाची बाजू पॉलिश पेपरने घासली. एवढी घासली की त्यात त्याच्या मिशा दिसू लागल्या. मग चाक उचलून लावलं तर भोकं जुळेनात. मी म्हटलं चुकीचं चाक आणलं. शुक्रवार डोळ्यांसमोर उभा राहिला.

डॉमिंगो म्हणाला, "एक भोक मुद्दाम जरा बाजूक आसता. ह्येका एकच जागा. फिरवन बघ, ता आपणच सांगात."

एवढं जड चाक हातांवर पेलून थोडं थोडं फिरवत राहिलो आणि एका जागी सगळी भोकं एकदम समोर आली. हे मला फार आवडलं. बोल्ट समोरासमोरचे असे क्रमाने आवळले, शेवटी पान्याला लांब पाइप लावून. मग डॉमिंगोने चाकाजवळ पेन्सिल धरली आणि मला इंजिन हाताने फिरवायला सांगितलं. पेन्सिल आणि चाक यांच्यातली फट सगळीकडे सारखी राहिली. त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि मेल्विनाला हाक मारून चहा मागितला. आमच्याच घरी बसून.

१ डिसेंबर, सोमवार

क्लच, गियरबॉक्स परत चढवला. चावी फिरवली, आणि किरकिर न करता जीप एका दमात सुरू झाली. कुत्रं घाबरून गोठ्यात पळालं. तुळसाने साखर आणली.

मी नारळ घेऊन आलो. (पारय सकाळी पाणीतापवणीच्या मागेच मिळाली. तिथे मी दोनदा बघितलं होतं.) डॉमिंगोने हात धरला. "थांब. आधी ह्या बघ."

गियरच्या दांड्यापुढच्या त्या भोकावर त्याने रबर घालून जाड पत्रा ठोकला होता आणि पत्र्यावर स्टीलची वाटी स्क्रूने बसवली होती. वाटी मेल्विनाच्या घरची, तळाला तिचं नाव कोरलेलं. वाटीत वाटी अशी दोन होत्या, वरची उचलून काढता येते.

"देवाक स्वतःची वाटी," तो म्हणाला. "सोमवारी सगळा पाणी हेच्यात घालूचा. थेंबभर सुदिक खालती जाता कामा नये. देवाचा पाणी जमनीर सांडला तर बरा दिसता?"

खरंच, इतकी वर्षं ते खाली कुठे जातं याचा मी विचार केला नव्हता. मला सुचायला हवं होतं ते त्याला सुचलं.

५ डिसेंबर, शुक्रवार. वेशीबाहेर, काजूच्या बागेत

सकाळपासून गाव वाहत होता. गुरं, ट्रॅक्टर, टेम्पो, डोक्यावर गादी घेतलेली माणसं. मेल्विनाने अंगणातला क्रूस पुसला, फुलं वाहिली, दाराला कुलूप घातलं आणि मांजराला पिशवीत घालून निघाली. तुळसा तिच्याबरोबर चालत गेली.

मी आणि डॉमिंगो सड्यावर गेलो. कातळावर जीप चढली, नेहमीसारखी कुरकुरत पण चढली. काकी दारात तयार होती. नवं लुगडं नेसलेली, मांडीवर टोपली, टोपलीत कोंबडी.

तिला उचलून पुढच्या सीटवर बसवायचं म्हणून मला इंजिन बंद करावं लागलं. तिथे सगळा सपाट कातळ, उतार नाही. ढकलायला माणूस एकच, तोही सत्तरीचा. खाली गावातला आवाज कमी होत होत थांबला होता. सगळे बाहेर पडले की वेशीवर ढोल वाजतो. तो वाजला, म्हणजे आत आम्ही तेवढे उरलो.

चावीवर हात ठेवला आणि फिरवायचं धाडस होईना. डॉमिंगो मागे फळीवर बसला होता. काकीने माझ्याकडे बघितलं.

"काय रे, वाट बघतंस कोणाची?"

फिरवली. सुरू झाली.

काकीने डोळे मिटले. म्हणाली, "तुझ्या बापाशीच्या हातात हिचो आवाज असोच हुतो. मधी कायतरी घसो बसल्यासारी करी." मग डोळे उघडून, "चल आता, कोंबडयेक उन्ह लागता."

वेशीवर देवेश उभा होता. त्याने काकीला नमस्कार केला आणि वळून रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. मग आम्हीही बघितलं. पानसुद्धा हलत नव्हतं. आत आता फक्त देव.

७ डिसेंबर

झोपडीत फार बरं चाललं आहे. काकी आणि डॉमिंगो दिवसभर पत्ते खेळतात. ती लबाडी करते, तो पकडतो, ती म्हणते, "माका दिसना नाय रे." मेल्विनाच्या मांजराने काकीच्या कोंबडीशी समेट केला आहे. तुळसा म्हणते, घरी एवढी माणसं कधी एकत्र जेवत नाहीत.

८ डिसेंबर, सोमवार

उजवा कौल झाला. गाव परत आला. काकीला सड्यावर सोडलं. उतरताना तिने जीपच्या बॉनेटवर हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवतात तसा.

घरी येऊन नारळ केला. पाणी वाटीत सोडलं, थेंबही सांडू दिला नाही. डॉमिंगो उभाच होता. माझं हात जोडून होताच त्याने वरची वाटी उचलली आणि म्हणाला, "देवाचा पाणी. वाया कित्याक जाव दी?" आणि सगळं पिऊन टाकलं. म्हणाला, "दर सोमवारी मी येतंय. ह्या काम माझ्याकडे."

मी त्याला नाही कसं म्हणू? चर्चला जाणारा माणूस, आणि आमच्या देवाचं तीर्थ आपणहून मागून घेतो. तुळसा तोंडाला पदर लावून आत गेली, तिलाही भरून आलं असावं.

जाताना तो जीपजवळ थांबला. वाकून तिच्या पोटाखाली हात घातला, बोटं नीट टेकवली, मग ती उजेडात धरून बघितली. कोरडी होती. समाधानाने मान हलवून घरी गेला. देवाच्या पायाला हात लावून आलेल्या माणसाचा चेहरा असतो, अगदी तसा.